अबू रय्याचं उत्तर

हैल सिद्र
९ ऑक्टोबर २०१५

रय्या बाळ,

अस्सलामु अलैकुम.

मंगळवारी सकाळी मी काय केलं ते आधी सांगतो, मग बाकीचं. फजरची नमाज झाली, घरी आलो, कॉफीला हात न लावता संगणक सुरू केला आणि आपल्या गावाच्या इंटरनेटवरच्या बैठकीत तुझ्या वडिलांच्या नावाने शिरलो. परवलीचा शब्द त्यानेच मला दिला होता. आत शिरणाऱ्याच्या नावापुढे हिरवा ठिपका लागतो, हे इतकी वर्षं बघत आलो असूनही तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. 'अबू रय्या हजर आहेत' असं सगळ्यांना दिसलं. मस्कतहून हिलालने लिहिलं, "अबू रय्या? बाबा रे, आम्ही तुला माती देऊन आलो." पाठोपाठ कुणीतरी सैतानापासून रक्षणाची आयत लिहिली. आणि मग मसीरा बेटावरून तुझा निरोप आला. "बाबा?" एवढाच.

मी संगणकाची तारच ओढली.

तो मी होतो, बाळ. तीन दिवस फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. बोलायला जीभ उचलेना, म्हणून लिहितो आहे.

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात तुझ्या बापाने, मुहन्नाने, मला घरी बोलावून एक पाकीट दिलं. म्हणाला, "हमूद, तोंडाने बोललेलं वाऱ्यावर जातं. लिहिलेलं तिथंच बसून राहतं. मी मेल्यावर कुणी वाचील, त्याला पुन्हा लागेल आणि पाप माझ्या नावावर चढत राहील. मी गेलो की माझं सगळं पुसून टाक." मी हो म्हणालो. ही अमानत आहे. बैठक आपल्या विखुरलेल्या लोकांसाठी हिलालने सुरू केली आणि देखरेख माझ्याकडे दिली ती मी कुणाशी भांडत नाही म्हणून. पण तिचा प्राण तुझा बाप होता. येमेनची लढाई असो, तेलाचा भाव असो की नवा फोन असो, तो लिहायचा आणि पन्नास माणसं त्याच्यावर तुटून पडायची. आता तरुण सगळे फोनवरच्या गटांत गेलेत. बैठकीत आम्ही जुनी खोडं उरलो.

त्या सकाळी मी पुसायलाच बसलो होतो. थोडं वाचलं आणि हात थांबला. महिनाअखेरीस मात्र पुसेन. तुला आधी सांगणं कर्तव्य होतं. तुझ्या अम्माला सलाम सांगितला आहे. ती बरी आहे, जेवते.

तुझा
हमूद बिन सैफ

*

मसीरा
१६ ऑक्टोबर

हमूदकाका,

व अलैकुम अस्सलाम.

तो ठिपका मी शाळेत जायला निघताना पाहिला. एका हाताने अबाया सावरत होते, दुसऱ्या हातात फोन. इथे वारा एवढा असतो की दार उघडलं की दोन्ही हात लागतात. मी दार उघडं टाकून तिथेच बसले. शेजारच्या बाई म्हणाल्या, "काय गं, बदलीचा हुकूम आला का?" मी हो म्हणाले. दुसरं काय सांगणार?

रागावले नाही. पण पुसू नका.

तुम्ही बाबांना ओळखता ते बैठकीतल्या आणि मशिदीतल्या बाबांना. घरातले बाबा मला 'जेवलीस का' आणि 'दार लावलंस का' यापलीकडे काही विचारत नसत. ते मला कळले ते तिथे वाचून. माझा निकाल लागला त्या दिवशी घरी ते फक्त 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणून पाण्याच्या पाटावर निघून गेले होते. आणि बैठकीत त्यांनी काय लिहिलं होतं माहीत आहे ना? 'आज तेलाच्या भावावर कुणी माझ्याशी वाद घालू नये. आज मी सगळ्यांचं बरोबर मानणार आहे. माझी पोर शिक्षिका झाली.' अख्ख्या बैठकीत 'अबू रय्या', रय्याचा बाप, असं मुलीच्या नावाने लिहिणारा तो एकच माणूस. त्यावरून लोकांनी चिडवलं तर म्हणायचे, 'तुमच्या मुलांनी अजून नाव लावण्यासारखं काही केलेलं नाही.'

हे सगळं तुम्ही पुसणार? मग माझ्याकडे 'दार लावलंस का' एवढंच उरेल.

आणखी एक. विहिरीची ती शेवटची चर्चा, गेल्या डिसेंबरमधली, मी पुन्हा वाचली. वरच्या अंगाला खोल विहीर पाडून पंप बसवावा असं सुवैदचं म्हणणं, आणि मग आपला पाट आटेल असं बाबांचं. ती सुवैदच्या वाक्यावर संपते. 'अबू रय्या, पाटात पाणी असेल नसेल, तुझ्या डोक्यात उरलेलं नाही. मुलीचं नाव लावून फिरतोस, आता मुलीच्याच दारात जाऊन बस.' त्याखाली बाबांचं काहीच नाही. माझ्या बापाने आयुष्यात कुणाचा शेवटचा शब्द राहू दिला नाही. तिथे ते गप्प का बसले?

रय्या

*

हैल सिद्र
२७ ऑक्टोबर

रय्या बाळ,

अस्सलामु अलैकुम.

तुझं पत्र घेऊन मी शेख ग़ालिबांकडे गेलो. त्यांना आता दिसत नाही, पण प्रश्न अर्धा ऐकूनच कळतो. म्हणाले, "शब्द पुसल्याने जखम पुसते का रे? ज्याला लागलं त्याच्याकडे जा. त्याने माफ केलं की तो कागद अल्लाहजवळ कोरा. मग राहू दे नाहीतर पूस." मी म्हणालो, "पण मी पुसण्याचा शब्द दिलाय." तर म्हणाले, "त्याने पाप पुसायला सांगितलं. तू शाई पुसायला निघालास."

तेव्हा मी सात नावं काढली. मुहन्नाने ज्यांना खरोखर झोंबेल असं लिहिलं ते सात जण.

पहिला मसऊद, फोनच्या दुकानाचा. मुहन्नाने लिहिलं होतं, 'मसऊद फोन विकत नाही, घरोघर एकेक बहिरा माणूस विकतो.' मी माफीचं बोललो तर तो हसायलाच लागला. "काका, मागे बघा." ते वाक्य त्याने दुकानात फळ्यावर लिहून लावलंय. "गिऱ्हाईक वाचतं, हसतं आणि फोन घेऊन जातं. माफ कसलं करू? त्यानेच मला माफ करावं." तरी मी त्याच्याकडून तोंडाने 'माफ केलं' वदवून घेतलं.

सालिम बिन रशीदने अर्धा तास ताटकळत ठेवलं. येमेनवरून दोघांची जुंपली होती ना. फौजेतला माणूस, ताठ बसून म्हणाला, "माफ केलं. पण मत त्याचं चूकच होतं, हेही त्याला कळव."

"कसं कळवू?"

"दुआत कळव. तू रोज करतोस ना त्याच्यासाठी?"

असे पाच झाले. सध्या शूरा परिषदेच्या निवडणुकीवरून बैठक पुन्हा पेटली आहे, त्यामुळे सगळे जागेवर सापडले. सहावा मीच. मुहन्नाने मला एकदा लिहिलं होतं, 'हमूद कुणाशी भांडत नाही, कारण हमूद कुणाची बाजूच घेत नाही.' ते मी केव्हाच माफ केलं आहे. ते खरं होतं, म्हणून जरा वेळ लागला एवढंच.

सातवा सुवैद. त्याच्याकडेही जाईन. वादात त्याच्या मेलेल्या बापाला ओढलं होतं, ते वाईट झालं. 'झाहिर पाटावर उभा राहून मेला, याला खाटेवर पडून बटण दाबायचंय.' असं लिहायला नको होतं.

ती चर्चा तिथे का संपली, तर डोकी तापली होती म्हणून देखरेखीने ती बंद केली. बंद चर्चेत पुढे कुणाला लिहिता येत नाही.

पुसणं तूर्त थांबवतो.

हमूद

*

मसीरा
४ नोव्हेंबर

हमूदकाका,

तुमचे उपकार कसे फेडू? मसऊदच्या फळ्याचं वाचून मी एकटीच हसले, किती दिवसांनी.

पण एक गोष्ट जुळत नाही. मी तेव्हा इब्राच्या शाळेत होते. ज्या दिवशी सुवैदने ते लिहिलं, त्याच दिवशी संध्याकाळी मगरिबनंतर बाबांचा फोन आला. बाबांचा फोन म्हणजे तुम्हाला माहीत आहे, अम्मा बोलते आणि ते मागे खोकतात. त्या दिवशी त्यांनी अम्माच्या हातून फोन घेतला आणि म्हणाले, "सुवैदला उत्तर लिहिलं. बरं लिहिलं. शुक्रवारी कॉफी जास्त लागेल." अम्माने चांगला लोबान बाहेर काढला, मला आठवतं, कारण तो कुठे ठेवलाय ते तिने मलाच विचारलं होतं.

शुक्रवारी कुणी आलं नाही. पुढच्याही नाही. अम्मा सांगते, ऑगस्टमध्ये जाईपर्यंत दर शुक्रवारी ते स्वतः वेलची कुटायचे आणि बैठकीच्या खोलीत दाराकडे तोंड करून बसायचे. ती म्हणायची, "येणार नाही तो, पेला उचलू का?" ते म्हणायचे, "त्याने वाचलंय. राग उतरायला वेळ लागतो. बापावर गेलाय."

त्यांनी लिहिलं होतं, काका. चर्चा बंद झाली असेल तर त्याच्या आधी लिहिलं असेल. मग ते कुठे आहे? जुनं शोधायची काही वाट असेल तर बघाल का? तुमच्याकडे देखरेख आहे, तुम्हाला दिसत असेल.

रय्या

*

हैल सिद्र
२३ नोव्हेंबर

रय्या,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला एकोणीस दिवस लावले. रोज लिहायला बसलो. आता एका दमात लिहितो.

तुझ्या बापाने उत्तर लिहिलं होतं. ते मी काढलं.

डिसेंबरच्या त्या दिवशी दुपारपासून भांडण चाललं होतं. मला दोन्हीकडून फोन येत होते. वालीच्या सरकारी कचेरीतून एक जण म्हणाला, गावाचं हसं होतंय, आवर. मगरिबच्या सुमाराला मी चर्चा बंद करायला बसलो तर सुवैदच्या वाक्याखाली मुहन्नाचं काहीतरी येऊन पडलेलं दिसलं. लांब होतं. मी वरचं नाव बघितलं आणि वैतागलो. मनात आलं, हा आता आणखी तेल ओतणार. न वाचता काढून टाकलं आणि चर्चेला कुलूप लावलं. मग हातपाय धुऊन, वुजू करून मशिदीत गेलो आणि शांतपणे नमाज पढलो. तेच आता जास्त डाचतं.

मला वाटायचं, मजकूर काढला की लिहिणाऱ्यालाही तो दिसेनासा होतो. मुहन्ना पुन्हा त्यावर एका शब्दाने बोलला नाही तेव्हा वाटलं, त्यालाही पटलं असेल. पण तसं नाही. काढलेला मजकूर बाकी कुणाला दिसत नाही. ज्याचा त्याला मात्र दिसत राहतो. दहा वर्षं देखरेख करून मला हे ठाऊक नव्हतं. त्या मंगळवारी त्याच्या नावाने शिरलो तेव्हा मला कळलं. पुसायला म्हणून ती चर्चा उघडली, आणि सुवैदच्या वाक्याखाली ते होतं.

तेव्हा हात थांबला तो यामुळे. पहिल्या पत्रात मी 'थोडं वाचलं' एवढंच लिहिलं. आणि महिनाअखेरीस पुसेन असं लिहिलं तेव्हा अमानतीची आठवण होतीच, पण हेही होतं की सगळं पुसलं की हेही जाईल आणि कुणाला कळणार नाही. हे मी अल्लाहसमोर कबूल केलं होतं. तुझ्यासमोर आज करतो.

त्याचं उत्तर जसंच्या तसं खाली उतरवलं आहे.

'सुवैद, तुझ्या बापाला या भांडणात ओढायचं मला काही कारण नव्हतं. झाहिर आणि मी एकदा पाण्याच्या पाळीवरून फावडी उगारली होती, आणि त्याच संध्याकाळी तो माझ्या घरी भात जेवला. पंपाबद्दल माझं मत बदललेलं नाही. वर खोल विहीर झाली की पाट आटणार, हे मी मरेपर्यंत म्हणेन. पण तुझी खजुरी शेवटच्या टोकाला आहे, तुझी पाळी येईपर्यंत पाणी उरत नाही, आणि पाटाचा राखणदार असून मी ते कधी चालत जाऊन पाहिलं नाही. आज दुपारी असरनंतर जाऊन पाहिलं. तुझी अकरा झाडं वाळली आहेत. मला माफ कर. तू मला जे बोललास ते मी आत्ताच माफ केलं. शुक्रवारी कॉफीला ये. आईलाही घेऊन ये.'

तो आठ महिने हे बघत होता, रय्या. त्याच्या डोळ्यांसमोर ते तिथे होतं आणि खाली उत्तर येत नव्हतं.

सुवैदकडे अजून गेलो नाही. आधी तुला कळायला हवं होतं.

हमूद

*

मसीरा
११ डिसेंबर

हमूदकाका,

पत्र मिळालं. दोन दिवस शाळेत गेले नाही. ताप आहे म्हणून कळवलं.

'आईलाही घेऊन ये.' मुलाला आईसकट बोलावणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्याची आई आदल्या ईदला अम्माजवळ माझ्याविषयी बोलून गेली होती. बाबा तेव्हा हो म्हणाले नव्हते, नाहीही म्हणाले नव्हते. मग विहिरीचं भांडण झालं आणि सगळं तिथेच राहिलं. मला वाटलं, सुवैदने ते वाक्य लिहून आपलं उत्तर दिलं. त्याला वाटलं असेल, बाबा गप्प बसले, म्हणजे तेच त्यांचं उत्तर. मार्चमध्ये त्याचं लग्न ठरल्याचं कळलं, तेव्हा मी मसीराची नेमणूक मागून घेतली. इथे कुणी स्वतःहून येत नाही, लगेच मिळाली.

आता त्याचं लग्न झालं आहे. अम्मा सांगते, बायको चांगली आहे, आणि तिला दिवस गेलेत.

तुम्हाला काय लिहू? तुम्ही वाईट माणूस असता तर सोपं गेलं असतं. माफ केलं असं आज लिहीत नाही. लिहिलं तर ते खोटं होईल, आणि तुम्हाला खोटी माफी चालणार नाही. मला वेळ लागेल.

पण बाबांचं काम अर्धं ठेवू नका. सुवैदकडे जा. बाबांनी त्याची माफी मागितली होती, हे त्याला कळलंच पाहिजे. फक्त शेवटची ओळ वाचू नका. ती त्या पोरीच्या घरात जायला नको.

आणि तो मजकूर बैठकीत परत लावू नका, त्याच कारणाने. बाबा हरले नव्हते, हे लोकांना कसं कळेल ते मला सुचत नाही. ते तुम्ही बघा.

रय्या

*

हैल सिद्र
२७ डिसेंबर

रय्या बाळ,

अस्सलामु अलैकुम.

शुक्रवारी जुमाच्या नमाजनंतर सुवैदच्या बागेत गेलो. तो झाडांची आळी साफ करत होता. वरची विहीर शेवटी झालीच; पंपाचं पाणी त्याला दीड महिना मिळालं, आता तेही खारट लागतंय. त्यावर मी काही बोललो नाही. त्याने खजुरीच्या दोरखंडाची खाट ओढून दिली, खजूर पुढे केला.

मी म्हणालो, "आधी ऐक, मग खाईन."

कागद काढला आणि आधी मी काय केलं ते सांगितलं, मग मुहन्नाचं वाचलं. अकरा झाडांपाशी आलो तेव्हा तो मध्येच म्हणाला, "बाराव्याचा फक्त शेंडा हिरवा होता. अकरा बरोबर आहेत. म्हणजे ते खरंच येऊन गेले होते." मी 'मला माफ कर' आणि 'कॉफीला ये' इथपर्यंत वाचून कागदाची घडी घातली.

"एवढंच?" त्याने विचारलं.

मला खोटं बोलता येईना. म्हणालो, "आणखी एक ओळ आहे. ती आता तुझ्यासाठी उरलेली नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. घरातून त्याच्या बायकोच्या भांड्यांचा आवाज येत होता. खाली बघून म्हणाला, "नका वाचू." आणि मग, "मी त्यांच्या जनाजाला शेवटच्या रांगेत उभा होतो, काका. पुढे यायला तोंड नव्हतं. मला वाटायचं, मी बोललो ते लागून ते गप्प झाले." मग त्याने मुहन्नाला माफ केलं. तीनदा म्हणाला, मी न सांगता. मला म्हणाला, "तुमचं मला माहीत नाही. मला राग येतोय, पण कुणाचा ते नीट कळत नाहीये." मी म्हणालो, ठीक आहे. खजूर खाऊन निघालो. तुला काही निरोप त्याने दिला नाही आणि मी विचारला नाही.

मुहन्नाने मला पाप पुसायला सांगितलं होतं. सातही जणांनी माफ केलं. त्याचे शब्द मी राहू देतो आहे. यात त्याला दिलेला शब्द मोडला असेल तर त्याचा जाब मी देईन, तू नाही. त्याचं पाकीट या पत्रासोबत पाठवतो. परवलीचा शब्द आतल्या कागदावर आहे. त्याच्या नावाने बैठकीत शिरलीस की ते उत्तर तुला त्याच्याच शब्दांत, त्याच्याच जागी दिसेल. बाकी कुणाला दिसणार नाही.

राहिलं लोकांचं. तू म्हणालीस, ते तुम्ही बघा. तुझं पत्र आल्यापासून मी स्वतःला सांगत होतो की गावात शांतता आहे, आता कशाला उकरायचं. मुहन्नाने माझ्याबद्दल जे लिहिलं होतं तेच मी पुन्हा करत होतो.

काल असरनंतर मी बैठकीत लिहिलं. टोपणनाव लावलं नाही. हमूद बिन सैफ, बापाचं नाव, घराण्याचं नाव, सगळं. लिहिलं की विहिरीच्या चर्चेत अबू रय्या गप्प बसले नव्हते. त्यांनी त्याच संध्याकाळी उत्तर दिलं होतं, त्यात सुवैदची माफी मागितली होती आणि सुवैदला माफही केलं होतं. ते मी न वाचता काढलं. त्यामुळे एक माणूस आठ महिने वाट बघत राहिला आणि वाट बघतच गेला. यात दोष अबू रय्यांचा नाही, सुवैदचा नाही, माझा आहे. हे सगळं विहिरीच्या चर्चेच्या अगदी शेवटी, सुवैदच्या वाक्याखाली लावलं आणि पुन्हा कुलूप घातलं.

पहिल्या तासात नऊ उत्तरं आली, बैठकीतल्या दुसऱ्या चर्चांत. सालिमने लिहिलं, 'फौजेत याला कोर्ट मार्शल म्हणतात.' हिलालने काहीच लिहिलं नाही, तेवीस वर्षांची दोस्ती आहे. कुणीतरी लिहिलं, मेलेल्याच्या नावाने शिरणारा हाच. तेही खरं आहे.

कालच मगरिबच्या आधी देखरेखीचे अधिकार मी हिलालकडे परत दिले आणि त्याने ते काढून घेतले. आता त्या बैठकीतलं, माझं किंवा तुझ्या बापाचं, काहीही पुसणं माझ्या हातात नाही.

हमूद बिन सैफ